तुम्ही विचारलंत म्हणून: कथेचे ते सगळे शब्द पाठ करायचे का?

बीएची परीक्षा जवळ आली की पोरंपोरी विचारतात, कधी एसटी स्टँडवर गाठून, कधी रात्री व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज टाकून, की मॅडम, कथानक, पात्रचित्रण, निवेदक, संघर्ष, वातावरण, प्रतीक, हे सगळं पाठच करा लागते का, अन् केलं तरी गोष्ट वाचताना नाहीतर लिहिताना त्याचा उपयोग काय? गाईडमध्ये प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी असतात, त्या लिहिल्या की मार्क पडतात, ते पाडून घ्याच. पण उपयोगाचं विचारलंत तर मी म्हणेन, यातला प्रत्येक शब्द हा गोष्टीला विचारायचा एक प्रश्न आहे असं समजा, आणि पहिला प्रश्न निवेदकाचा विचारा. गोष्ट कोण सांगून राहिलं? गाईडमध्ये कथानक पहिल्या नंबरवर असतं, निवेदक कुठंतरी मागं. मी मुद्दाम उलटं शिकवते.

का ते दाखवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरचा बैल बाजारात विकला, एवढीच घटना घ्या. आता ती घरातल्या लहान पोराला सांगू द्या:

"बाबा आले. हातात नुसता कासरा होता. माय खांद शेकाले तूप-हळद काढून बसली होती, ते तिनं उचलून आत नेलं. म्या म्हटलं, ढवळ्या कुठी हाय? माय म्हणे, जेवून घे."

पोराला कर्ज माहीत नाही, बाजारभाव माहीत नाही, तो फक्त जे दिसलं ते सांगतो. पण वाचणाऱ्याला त्याच्या आधी सगळं कळतं, आणि त्याच संध्याकाळी खांद शेकताना याच बैलाला "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं होतं हे ज्याला माहीत आहे त्याला तर जास्तच लागतं. दुःख हा शब्द कुठंही आलेला नाही. आता तेच बापाच्या तोंडून ऐका:

"भाव बरा आला म्हणून देऊन टाकला. बैल म्हाताराच झालता. अन् मी काही दारूपायी इकला नाही."

दारूचं कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. म्हणजे या माणसाच्या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही हे आपल्याला त्याच्याच वाक्यातून समजतं. याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, वेन बूथ नावाच्या अमेरिकन समीक्षकानं १९६१ साली हे नाव दिलं. परीक्षेत नाव लिहा, पण डोक्यात ते दारूचं वाक्य ठेवा. आणि तिसरा प्रकार, सर्वसाक्षी निवेदक, तो बापाच्या मनात जातो, मायच्या मनात जातो, तिकडे बैल हाकत नेणाऱ्या व्यापाऱ्याच्याही मनात जातो. नव्या लिहिणाऱ्यांना हाच सगळ्यात सोपा वाटतो आणि माझ्या मते हाच सगळ्यात कठीण, कारण सगळंच माहीत असलेल्यानं काय सांगायचं नाही हे ओळीओळीला ठरवावं लागतं.

हे काही बाहेरून आलेलं शहाणपण आहे असंही समजू नका. आपल्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या. आठवण कोणाची आहे याला किती किंमत आहे ते या माणसाला सातशे वर्षांपूर्वी कळत होतं. आणि महानुभावांच्याच दृष्टांतपाठात तो जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे, ज्याच्या हाताला जे लागलं त्यालाच तो हत्ती समजतो. दृष्टिकोन शिकवायला मला आजही यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

निवेदक पक्का झाला की बाकीचं लवकर समजते. कथानकाचं घ्या. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली राजा-राणीच्या मरणाचं उदाहरण देऊन सांगितलं की नुसतं एकामागून एक घडलं ती गोष्ट, आणि यामुळे ते घडलं असा धागा आला की कथानक. आपल्या बैलावर लावा: बैल विकला, मग आजोबांनी अंथरूण धरलं, ही झाली गोष्ट. बैल विकला त्याचा आजोबांनी धसका घेतला आणि अंथरूण धरलं, हे झालं कथानक. सपाट पात्र, म्हणजे एकाच गुणाचं, आणि गोलाकार पात्र, म्हणजे अनेक बाजू असलेलं, हा फरकही त्याचाच. सपाट म्हणजे वाईट असं गाईडमध्ये सुचवलेलं असतं ते मला पटत नाही, दोन ओळींपुरता येणारा व्यापारी सपाटच पाहिजे, त्याला बालपण-बिलपण देत बसलात तर गोष्ट हातून जाते.

वातावरण म्हणजे सुरुवातीला सूर्योदयाचं वर्णन, हे डोक्यातून काढून टाका. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलाय, झोपायला जागा नाही, लेकरं त्याच्याच बाजूला दाटीवाटीनं झोपतात आणि रात्रभर अंग खाजवतात, हे वातावरण झालं, संघर्षही यातच आला, आणि गोष्ट पुढे नेताना जमलं तर तो कापूसच प्रतीक होतो. तुम्ही "कापूस हा त्यांच्या अडकलेल्या आयुष्याचं प्रतीक होता" असं लिहिलंत की मात्र तो होत नाही. त्याला कापूसच राहू द्या.

पूर्वसूचनेबद्दल, म्हणजे पुढं काय होणार याची आधीच ठेवलेली खूण, तिच्याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडच्या पोरांच्या गोष्टीत पहिल्याच पानावर फवारणीच्या औषधाची बाटली येते आणि शेवट काय होणार ते मला तिथंच कळतं. आपल्या भागात ते घडतं, घराघरात माहीत आहे, म्हणून ते लिहू नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण पूर्वसूचनेचं काम असं की शेवट वाचून झाल्यावर मागं वळून पाहिलं तर ती सापडली पाहिजे. आधीच ओरडून सांगितलं तर त्या मेलेल्या माणसाला गोष्टीत जगायला पानंच उरत नाहीत, तो पहिल्या ओळीपासून मेलेलाच असतो. त्याला हसू द्या, उधारी मागू द्या, पोरीशी भांडू द्या, बाटली असलीच तर खिडकीत दुसऱ्या दहा वस्तूंमध्ये असू द्या.

शेवटचं एक, जे सगळेच विचारतात, वऱ्हाडीत लिहिलं तर चालते का मॅडम? चालते. उद्धव शेळक्यांची धग ही कादंबरी १९६० साली आली, त्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते, म्हणून तिचा राग आणि तिची जिद्द दोन्ही खरी वाटते. फक्त किती वऱ्हाडी हे परत निवेदकावरच ठरतं. बाहेरचा कोणी सांगत असेल तर निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत हे सरळ जमतं. पण बैलवाल्या घरातलं पोरगं "मी" म्हणून सांगत असेल तर सगळी गोष्टच त्याच्या बोलीत आली पाहिजे आणि शेवटच्या ओळीपर्यंत तशीच राहिली पाहिजे, कारण चौथ्या पानावर त्याच्या तोंडी "मन अत्यंत विषण्ण झाले" आलं की वाचणाऱ्याला लगेच समजते, पोरगं उठून गेलं आणि आता लेखक बोलून राहिला.