खालचा सा

समूहगीताच्या तालमीत संगीताच्या बाईंनी मला आणि आणखी दोघांना एकच काम दिलं होतं. सगळे गात असताना खालचा ‘सा’ धरून ठेवायचा. शब्द नाहीत, चाल नाही. सहावीतल्या मला ते फार लागलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, “तुम्ही सोडलात तर गाणं पडेल.” त्याचा अर्थ मला पुढे विस्कॉन्सिनमधल्या एका गोठ्यात कळला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या गोठ्याच्या मालकाविषयी लिहितोय, ते यासाठीच.

मॅडिसनला डेअरी सायन्स शिकत होतो. तिथून पाऊण तासावर न्यू ग्लारस. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस परगण्यातून गरिबी आणि नापिकीमुळे निघालेल्या शंभरेक माणसांनी 1845 साली वसवलेलं गाव. त्या गोठ्याचे मालकही तिकडचेच, पण शंभरहून अधिक वर्षांनी, ऐन विशीत आलेले. मी त्यांना मराठीतच ‘आजोबा’ म्हणायचो. त्यांच्याकडे चाळीस ब्राऊन स्विस गाई होत्या. संध्याकाळचं दूध झालं की गावातल्या ‘मेनरकोर’ची तालीम. पुरुषांचं हे गायकमंडळ 1928 पासूनचं. आजोबांनी तालीम चुकवलेली मी कधी पाहिली नाही. गाय व्यायला झाली असली तरच काय ते.

सुट्टीच्या दिवशी मी पहाटेच गोठ्यात हजर असायचो. कास कोमट पाण्याने पुसायची, पहिल्या धारा हाताने काढायच्या, मग मशीन लावायचं. तेवढा वेळ आजोबा गाईच्या कुशीला कपाळ टेकून गुणगुणत राहायचे. त्याला चाल अशी नव्हतीच. एका सुरावर थांबायचे, दोन पायऱ्या उतरायचे, परत तिथेच यायचे. “याने पान्हा लवकर सुटतो,” म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं मी धरून चाललो होतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनाच्या उत्सवात, मंडळ गायला उभं राहिलं. आजोबा मागच्या रांगेत. वरचे आवाज चढत गेले आणि त्यांच्याखाली एकदम ओळखीचं काही ऐकू आलं. गोठ्यातलं ते गुणगुणणं! सगळं गाणं त्याच्यावर उभं होतं. उन्हात उभ्या उभ्या मला आपला संगीताचा वर्ग आठवला, पेटीच्या एकाच पट्टीवर टेकलेलं बाईंचं बोट आठवलं, आणि डोळे भरून आले.

तिसऱ्या हिवाळ्यात आजोबा गेले. चर्चमध्ये मंडळाने तेच गाणं म्हटलं. नीटच म्हटलं. मला मात्र सारखं खाली काहीतरी कमी वाटत राहिलं.

त्या संध्याकाळीही दूध काढायचं होतंच. घरचे पाहुण्यांत होते, म्हणून मी गोठ्यात गेलो. त्यांची सगळ्यात जुनी गाय पान्हा चोरून उभी होती. कास पुसली, सड चोळले, तरी थेंब येईना. मग तिच्या कुशीला कपाळ टेकलं आणि तीन वर्षं ऐकलेली ती ओळ हळूच धरली. एक सूर, दोन पायऱ्या खाली, परत तिथेच. थोड्या वेळाने तिने पान्हा सोडला.