ऑक्सफर्ड की केंब्रिज: अर्जाआधीच घ्यायचा निर्णय

सांगलीहून दर रविवारी बाबांचा फोन येतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा एकच प्रश्न असे, "नातीचा नंबर कुठे लागला, ऑक्सफर्डला की केंब्रिजला?" दोन्हीकडे अर्ज करायचा आणि यादी लागली की ठरवायचे, अशी आपल्याकडची रीत त्यांच्या मनात होती. इंग्लंडमध्ये तसे चालत नाही. पदवीच्या प्रवेशासाठी 'यूकास' या एकाच यंत्रणेमार्फत पाच अर्ज करता येतात; मात्र एका वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोहोंपैकी सर्वसाधारणपणे एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि तोही १५ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे मुलाखत, निकाल यांतले काहीही हाती नसताना सतरा वर्षांच्या मुलीने एक दार स्वतःहून बंद करायचे.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांचा कौल ठरलेलाच होता. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे मानकरी झालेले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे, जयंत नारळीकरही केंब्रिजचेच. मी त्यांना आठवण करून दिली, की नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या महाविद्यालयात दाखल झाल्या आणि त्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. बाबा म्हणाले, "अगं, हे मला ठाऊकच नव्हतं." थोर माणसे दोन्हीकडची निघाली आणि आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो.

फीनेही निर्णय सुटत नव्हता, कारण आमच्यासारख्या इथल्या रहिवाशांना ती दोन्हीकडे सारखीच आहे. (भारतातून येणाऱ्यांना तिच्या कितीतरी पट भरावी लागते, हे तिकडच्या पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे.) शिकवण्याची पद्धतही मुळात एकच आहे. ऑक्सफर्डमध्ये तिला ट्युटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. आठवडाभर सोडवलेली गणिते किंवा लिहिलेला निबंध घेऊन दोघातिघांनी शिक्षकासमोर बसायचे आणि प्रत्येक पायरीचे समर्थन करायचे. जुलैमध्ये विद्यापीठ पाहायला गेलो तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपली वही आम्हांला उघडून दाखवली. उत्तर बरोबर होते, तरी समासात शिक्षकाने पेन्सिलीने लिहिले होते: 'समीकरणातले हे पद का गाळले?' लेक त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती.

खरा फरक सापडला तो अभ्यासक्रमात, आणि मला वाटते पालकांनी सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा. ऑक्सफर्डमध्ये भौतिकशास्त्र घेतले, की पहिल्या दिवसापासून भौतिकशास्त्र आणि त्याला लागणारे गणित. केंब्रिजमध्ये पदवीसाठी स्वतंत्र भौतिकशास्त्र नाहीच. 'नॅचरल सायन्सेस' या एका छत्राखाली पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय आणि गणित घ्यायचे, दुसऱ्या वर्षी निवड आवळत न्यायची आणि एका विषयावर स्थिरावायचे ते तिसऱ्या वर्षी. ज्याला आपला विषय पक्का ठाऊक आहे, त्याला केंब्रिजचे पहिले वर्ष वाट वाकडी केल्यासारखे वाटेल. उलट, ज्याचे मन भौतिकशास्त्र आणि रसायन अशा दोन विषयांत अडकले आहे, त्याला ऑक्सफर्डमध्ये त्यातला एक प्रवेशाआधीच सोडावा लागेल.

आमच्या लेकीला भौतिकशास्त्र आवडते, पण शाळेच्या प्रयोगशाळेत तिचे हात रमतात ते रसायनात. दोन्ही अभ्यासक्रमांचे कागद तिने जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि ज्या विषयावाचून करमणार नाही त्यावर पेन्सिलीने खूण करत गेली. ऑक्सफर्डच्या कागदावर बऱ्याच खुणा होत्या, पण रसायनाची जागा रिकामी होती. मला स्वतःला ऑक्सफर्ड शहर अधिक आवडले होते. ते मी बोलून दाखवले नाही, कारण तिथे राहायचे होते तिला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने केंब्रिजचा अर्ज भरला. रविवारी फोन तिनेच घेतला. "आजोबा, परांजपे होते तिथेच अर्ज केलाय, पण गणितासाठी नाही." पलीकडून बाबांनी विचारले, "मग कशासाठी?" ती म्हणाली, "ते दोन वर्षांनी सांगेन. तेवढा वेळ मिळावा म्हणूनच तिथे केलाय."