संमोहनाने सवय सुटते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पणजीत मी मानसशास्त्र शिकवते. जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा बघून आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘संमोहनाने सिगारेट सुटेल का हो?’

तो पुतळा संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांचा. रामचंद्र पांडुरंग कामत यांचं हे शिल्प १९४५ सालचं. कलंडलेल्या बाईवर दोन्ही हात पसरून फारिया उभे आहेत. शिल्प देखणं आहे, पण बघणाऱ्याला वाटतं की शक्ती त्या हातांतून निघतेय. फारियांचं सांगणं नेमकं उलट होतं.

१७५६ साली गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेले फारिया पाद्री झाले, पॅरिसला पोचले आणि १८१३ पासून तिथे प्रयोग दाखवू लागले. मेस्मर या जर्मन डॉक्टरचे अनुयायी तेव्हा अंगातून वाहणाऱ्या कसल्याशा चुंबकी द्रवाच्या गोष्टी करत. फारिया समोरच्याला निवांत बसवत, डोळे मिटून चित्त एकाग्र करायला लावत आणि हुकूम सोडत, ‘झोपा!’ झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून, माझ्याकडून काही जात नाही, हे त्यांनी १८१९च्या ग्रंथात ठामपणे मांडलं. त्याच वर्षी ते गेले.

लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले तेव्हा त्यांची वाचाच बसली, अशी एक कथा गोव्यात सांगतात. जवळ बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ म्हणजे समोर बसलेत ती नुसती भाजी समज आणि काप. आणि भीती पळाली. दंतकथाच ती, पण मला फार मोलाची वाटते. दरबार होता तसाच होता. फारियांना तो दिसला मात्र वेगळा.

असं खरंच घडतं का? ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहा आणि शाईचा रंग विचारा. जीभ अडखळते, कारण वाचनाची सवय आपल्याला न विचारताच चालू होते. संशोधक अमीर राझ यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सूचना चटकन स्वीकारणाऱ्यांना संमोहनात सांगितलं होतं, ‘ही अक्षरं तुम्हाला न येणाऱ्या भाषेतली दिसतील.’ नंतर चाचणी घेतली तेव्हा त्यांचं ते अडखळणं नाहीसं झालेलं होतं. लहानपणापासून मुरलेली सवय एका सूचनेने बाजूला सरली! मात्र सगळ्यांचं असं होत नाही. सूचना स्वीकारण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते.

सिगारेटचं उत्तर यामुळे थोडं निराश करणारं आहे. धूम्रपान सोडवण्यात संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा अजून नाही. एका बैठकीत सुटेल अशी हमी कुणी देत असेल तर पैसे देऊ नका. निकोटीनची शारीरिक ओढ वेगळी, त्यासाठी डॉक्टर गाठावा.

पण ओढीच्या आधीचा क्षण बघण्यासारखा असतो. गाड्यावर चहाचा ग्लास पुढ्यात आला की ओढणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. बोलणं चालूच असतं, पाकीट बाहेर आल्याचं त्याच्या गावीही नसतं. म्हणून विचारणाऱ्याला मी सांगते, आठवडाभर सोडू नका, फक्त कुठे, कशानंतर, कुणाबरोबर पेटवली ते लिहून ठेवा. ती वही घेऊन या, मग संमोहनाचं बोलू.