तर्रीचा दुपारचा हिशेब

दुपारी एक-दोनच्या सुमारास नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही ऑफिसात बघा. खुर्ची जरा मागे सरकते, गॅसने फुगलेल्या पोटावरचा पट्टा एका भोकाने सैल होतो आणि ठपका बसतो तो डब्यातल्या फुलकोबीवर. ती बिचारी अजून जठरातच असते. खरा माल सकाळी आठचा, पोह्यांवर दोनदा मागून घेतलेली तर्री आणि तिच्यातले चणे. खाल्लेलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात, म्हणून इथे आरोपी नेहमी चुकीचाच पकडला जातो.

चण्यात स्टार्च नि प्रथिनांच्या जोडीला रॅफिनोज, स्टॅकियोज अशा ऑलिगोसॅकराइड जातीच्या, म्हणजे मोजक्या साखरा साखळीत जोडून बनलेल्या साखरा असतात. रॅफिनोजमध्ये तीन साखरा जोडलेल्या, स्टॅकियोजमध्ये चार, उडदातल्या व्हर्बास्कोजमध्ये पाच. त्यांतला गॅलॅक्टोजचा सांधा सोडवायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर (एन्झाइम) लागतं आणि माणसाच्या लहान आतड्यात ते नसतंच. आखाड्यातल्या पहिलवानाच्याही नसतं. मग साखर जशीच्या तशी पुढे मोठ्या आतड्यात सरकते आणि तिथले जिवाणू तिला आंबवतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. या तिघांनाही वास नाही. बदनामी करतात ती गंधकाची संयुगं, तीही अगदी चिमूटभर.

झाड मात्र ही साखर आपल्याला छळायला साठवत नाही. दाणा वाळताना पेशींच्या पडद्यांना इजा होऊ नये आणि कोंब फुटताना हाताशी शिदोरी असावी, एवढाच त्याचा स्वार्थ. म्हणून तर मोड आले की ती झपाट्याने संपते. दोन दिवसांच्या मोडांत बरीचशी गेलेली असते.

आता भिजवण्याचा वाद. चण्याचं पाणी ओतायला घेतलं की घरातलं कुणीतरी हटकून म्हणणार, "काहून फेकता बाप्पा, ताकद जाते ना त्यातली!" थोडी जाते, खरं आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं नि क्षार थोडे वाहून जातातच. पण ज्याला त्रास होतो त्याने पाणी फेकावंच, कारण या साखराही पाण्यातच उतरतात. एका वाटीला चार-पाच वाट्या पाणी, हिवाळ्यात दहा-बारा तास. मे महिन्यात सहा-आठ तासांवर ठेवू नये, पाण्याला आंबूस वास सुटतो. मधे एकदा पाणी बदललं तर उत्तम. शिजवायला ताजं पाणी घ्यावं, भिजवणीचं नाही. घाई असेल तर दोन-तीन मिनिटं खळखळ उकळून तासभर झाकून ठेवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. डाळीला साल नसल्याने तिच्यातली साखर अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर उतरते.

वर येणारा फेस झाऱ्याने काढून "गॅस काढला" म्हणणारे भेटतात. फेस मुख्यतः सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळणाऱ्या द्रव्याचा आणि प्रथिनांचा. साखर पाण्यात विरघळलेली असते, ती झाऱ्यात कशी येईल? सोड्याचंही तसंच. चिमूटभर घातला तर चणे लवकर मऊ होतात, हात सैल सुटला की सालं सुटून तर्रीत तरंगतात, चव साबणासारखी लागते आणि बी-१ जीवनसत्त्व मरतं. चणे शिजतच नसतील तर आधी बोअरचं पाणी बदलून बघा. त्यातलं कॅल्शियम दाणा कडक ठेवतं. टमाटर किंवा चिंच आधी पडली तरी तीच गत. आंबट नेहमी दाणा बोटाने दाबला जाऊ लागल्यावरच घालावं. हिंगाची फोडणी मी सोडणार नाही, पण साखरेला हिंग हातही लावत नाही.

बेसनाची गोष्ट अवघड आहे, कारण आपलं अर्धं वऱ्हाड बेसनावर उभं. झुणका, पाटोडी, भरड्याचा गोळाभात. दळल्याने साखर कमी होत नाही आणि बेसन कुणी भिजवून पाणी फेकत नाही. तिथे ताटातलं प्रमाण सांभाळणं हाच मुख्य उपाय. अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच्या गोळ्या मिळतात, अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीपासून बनवलेल्या. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, दुपारी पोट फुगल्यावर नव्हे. उकळत्या रश्श्यात टाकल्या तर विकरच मरतं. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज शरीराला न पेलणारा जन्मजात आजार असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये.

पण ही साखर पोटातून समूळ काढायची तरी कशाला? जिवाणू तिच्यापासून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्लही बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावरच जगतात. रोज थोडी उसळ खाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पोट काही आठवड्यांत सरावतं. कांदा-लसणातली फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडं याच कुळातली. तीच आज डब्यावर 'प्रीबायोटिक', म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य, असं छापून विकली जातात.

सगळ्यात मोठा कारखाना मात्र आईचा. तिच्या दुधात अशा साखरांचे दोनशेहून जास्त प्रकार, लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम. बाळाला त्या पचत नाहीत. त्या बाळासाठी नसतातच मुळी, त्याच्या पोटातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपकारी जिवाणूंसाठी असतात. आता यातली टू-फ्यूकोसिललॅक्टोज ही साखर जनुकं बदललेल्या ई. कोलाय जिवाणूंकडून टाक्यांमध्ये बनवून घेतात आणि बाळाच्या डब्यातल्या दुधात घालतात.

आणि इकडे बाळंतिणीच्या ताटातून चण्याची डाळ, बरबटी (चवळी), उसळ बाद. बाळाला वात होतो म्हणे. डाळीतली साखर आईच्या आतड्यातून रक्तात शोषलीच जात नाही, तर दुधात येणार कुठून? आईच्या दुधातल्या ऑलिगोसॅकराइड साखरा स्तनातच लॅक्टोजपासून तयार होतात. पोटातला गॅसही दुधात उतरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत या बाईला रोज सुमारे १७ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात, आणि घरात डबाभर डाळ असताना तिला नुसता तूपभात वाढला जातो. मुगाच्या वरणाने सुरुवात करा, चारेक दिवसांनी भिजवून पाणी फेकलेली बरबटी द्या. तिचं स्वतःचं पोट फुगलं तर वाटी लहान करा, बंद करू नका.