जटांचे पैसे वेगळे

ग्रूमिंग करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कुत्र्यामागे पैसे मिळतात, तासामागे नाही. सगळी गोची इथेच आहे. आखूड केसांचा शहाणा कुत्रा आंघोळ, नखं, कान उरकून लवकर मोकळा होतो. पण ज्याच्या कानामागे, काखेत आणि मांडीच्या आत जटा झाल्यात, तो अख्खी दुपार खातो. जट कातडीला इतकी चिकटलेली असते की तिथे कात्री घालायचीच नाही. ओढली गेलेली कातडीही सोबत कापली जाते. मशीनचं पातं कातडीलगत हळूहळू सरकवायचं, तापलं की थांबायचं, गार झालं की पुन्हा सुरू. तेवढ्यात मालकाचा फोन, "झाला का?" आणि मिळकत? त्या शहाण्याएवढीच.

याआधी मी जनावरांच्या दवाखान्यात सहायक होते. तिथे पगार ठरलेला, पण कामाला अंत नाही. भूल दिलेल्या मांजराशेजारी उभं राहून श्वास, नाडी, हिरड्यांचा रंग बघायचा आणि ऑपरेशन संपलं की फरशीही आपणच पुसायची.

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत प्राणी सांभाळणाऱ्यांवर 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण याच कामासाठी जन्मलो असं ज्यांना मनापासून वाटतं, तेच पगारावर आणि स्वतःच्या वेळेवर पाणी सोडायला जास्त तयार असतात, असं त्यात दिसलं. वाचून हसू आलं, रागही आला. नोकरी देणाऱ्यांना हे अभ्यासाशिवायच ठाऊक असतं!

घोड्यांना नाल मारणाऱ्यांचा मला थोडा हेवा वाटतो. खूर वाढतच राहतो, त्यामुळे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना बोलवावंच लागतं. खुराचं काम बिघडलं तर घोडा लंगडतो, हे मालकालाही कळतं. "जाता जाता नखं तेवढी कापून द्या" असं त्यांना कोण म्हणणार? (लाथ बसायची भीती आहेच, आणि कंबरेची वाट लागते ती वेगळीच.)

हल्ली मी कुत्र्याला टेबलावर घेण्याआधी मालकालाच जट चाचपायला लावते आणि जादा पैसे तिथेच सांगते. काहीजण निघून जातात. जाऊ देत.

या कामात येणार असाल तर रुजू होण्याआधी एवढं विचारा: चावा बसला तर रेबीजच्या लशीचा खर्च कोणाचा, आणि जखम भरेपर्यंत पगार चालू राहणार का. "आपण सगळे इथे प्रेमापोटी आहोत" असं उत्तर आलं, तर पगाराचा आकडाही लेखी मागा.