फुटाक किती?

बायकोने आरशाला षटकोनी फ्रेम हवी म्हटल्यावर मी मनातल्या मनात खूश झालो होतो. षटकोनात काय अवघड आहे, ३६० भागिले ६ म्हणजे ६०, त्याचं निम्मं ३०, सहा पट्ट्यांची दोन्ही टोकं ३० अंशात कापायची, फेविकॉल लावायचा आणि चहा प्यायला वर जायचं. दहावीला भूमितीत माझा एकच मार्क गेला होता आणि तो कुठे गेला हे मी अजूनही लग्नाकार्यात लोकांना सांगत असतो, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीच्या जागेत (गाडी बाहेर रस्त्यावर, ऊन खात), तीन इंच रुंद पाइनच्या सहा पट्ट्या कापल्या. पाच सांधे असे बसले की नख जाईना. सहावा आतल्या कडेला टेकला आणि बाहेरच्या कडेला आ वासून राहिला. तीन सूत फट. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हल्ली हे सांगावं लागतं. तीन सूत म्हणजे पेन्सिल आत जाऊन वर हलायला जागा उरते. वॉचमन बराच वेळ बघत होता, म्हणाला, साहेब त्यात एक फाचर मारा ना. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि तासाभराने फाचरच मारली.

पण डोक्यातून जाईना. कापायच्या मशीनवरचा काटा ३० वर होता, मी स्वतः दोनदा बघितला होता. मग कळलं की काटा ३० दाखवत होता आणि पातं साडेएकोणतीस कापत होतं. अर्धा अंश म्हणजे काय हो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण सहा पट्ट्यांची टोकं बारा, आणि बारा वेळा अर्धा म्हणजे सहा अंश, ते सगळेच्या सगळे शेवटच्या सांध्यात येऊन बसले, जसं ग्रुपमधल्या सगळ्यांनी थोडे थोडे कमी पैसे द्यावेत आणि हॉटेलचं बिल शेवटी उठणाऱ्याच्या गळ्यात पडावं. तिरक्या कापाची लांबी साधारण साडेतीन इंच, सहा अंशाचा टॅन ०.१०५, गुणाकार केला तर इंचाच्या तिसऱ्या भागाहून थोडं जास्त, म्हणजे बरोबर तीन सूत. गणित इतकं चोख आलं की फ्रेम बिघडल्याचं माझं दुःख निम्मं कमी झालं. बायकोचं झालं नाही.

आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण शाळेत त्रिकोणमिती शिकलो ती नक्की कशासाठी. आमच्या पुस्तकात एक माणूस कायम दीपगृहावर उभा असायचा, त्याला समुद्रात एक जहाज दिसायचं, अवनत कोन ३० अंश, तर जहाज किती दूर आहे. उत्तर कायम वर्गमूळ तीनमध्ये. आमचं गाव देवगडकडचं, देवगडच्या किल्ल्यावर खरंखुरं दीपगृह आहे, लहानपणी शंभर वेळा तिथे गेलोय, पण पुस्तकातलं दीपगृह आणि हे दीपगृह एकाच जातीचं असेल असं एकदाही मनात आलं नाही. त्या माणसाच्या हातात कोणी करवत दिली असती तर बरं झालं असतं.

आता मी मशीनच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकावर तर मुळीच नाही, कारण त्याची त्रिज्या जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या कडेला एक अंश एक मिलिमीटरही भरत नाही, अर्धा अंश म्हणजे पेन्सिलच्या रेघेची जाडी झाली. त्यापेक्षा सरळ प्लायच्या तुकड्यावर ३०० मिलिमीटरची रेघ मारायची, टोकाला गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून १७३ वर खूण करायची (३० चा टॅन ०.५७७, त्याला ३०० ने गुणायचं), दोन टोकं जोडली की झाले ३० अंश. तिथे अर्ध्या अंशाची चूक साडेतीन मिलिमीटर होऊन समोर येते, चष्म्याशिवाय दिसते. कोन लांबवला की चूकही लांबते आणि मग ती पकडता येते. हे एवढं साधं आहे आणि मला चाळिशीत कळलं.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा हे नवीन ज्ञान खिशात घेऊनच गेलो. आईला स्वयंपाकघरात बसायला स्टूल पाहिजे होतं, खाली बसून उठणं आता तिला जमत नाही. परसातला एक फणस दोन वर्षांपूर्वी पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर होत्या, कापल्या तेव्हा पिवळ्याधमक. फणसाचं लाकूड कापलं की पहिले काही दिवस हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखं दिसतं, मग हळूहळू तपकिरी होतं. ठरवलं की बारा बाय बाराची बैठक, अठरा इंच उंची, चारी पाय बाहेर फाकवलेले, समोरून बघितलं तर १० अंश आणि बाजूने बघितलं तरी १०. सरळ पायांचं स्टूल आईच्या खाली कलंडेल ही भीती होती.

भोकं पाडायच्या आधी एका जुन्या प्लायवर ट्रायल घेतली, एवढी अक्कल फ्रेमने शिकवली होती. पाय कोपऱ्याच्या दिशेला जाणार म्हणून कर्णाची रेघ मारली, ड्रिल त्या रेघेवर १० अंश तिरकं धरलं, भोकं पाडली, काठ्या खोचल्या, उलटं करून ठेवलं. चार काठ्या शाळेतल्या पीटीला सावधान उभ्या राहिल्यासारख्या. फाकल्यात म्हणे, कुठे फाकल्यात? परत मोजलं, कर्णावर १० अंशच होते. समोरून मोजलं तर सात.

आमचं घर चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतरतं छप्पर, कौलारू, आणि पावसाच्या आधी शाकारणी (कौलांची डागडुजी) चालू होती, त्यामुळे मेस्त्री वरच होते, मागच्या बाजूचा कुजलेला कोनवासा (छपराच्या कोपऱ्यावरचा तिरका वासा) बदलत. वय सत्तरीच्या पुढे असावं, शिडीवर मात्र अजून मुलासारखे. दुपारी जेवायला खाली उतरले आणि पडवीत माझ्या उलट्या स्टुलासमोर थांबले. मी त्यांना सगळं सांगितलं, समोरून दहा डिग्री, बाजूने दहा डिग्री, वगैरे.

"ता डिग्री-बिग्री माका सांगू नको, झिला. फुटाक किती ता सांग."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की ते विचारतायत, पाय एक फूट खाली जातो तेव्हा बाजूला किती सरकतो. मोबाइल काढला, १० चा टॅन ०.१७६, गुणिले १२, आले २.१२ इंच. "दोन इंच एक सूत," मी म्हटलं, आणि ते म्हणताना माझं मलाच ऐकू आलं की हा टॅनच आहे. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं, आम्ही पाठ केलेलं. मेस्त्रींच्या भाषेत कोन नावाची गोष्टच नाही, नुसत्या दोन लांब्या आहेत आणि दोन्ही टेपने मोजता येतात. गवंडीसुद्धा बाथरूमचा ढाळ असाच सांगतो, मीटरला एक सेंटिमीटर, कुठला गवंडी अर्ध्या अंशाला थोडा जास्त असं सांगतो?

"मगे कोपऱ्यातसून बघ," मेस्त्री म्हणाले, "पाय खयच्या वाटेन जाता?" आणि त्यांनी माझ्या पेन्सिलने प्लायवर दोन इंच एक सुताचा चौकोन काढला. पाय पुढेही दोन इंच एक सूत जाणार आणि बाजूलाही तेवढाच, म्हणजे खरा जाणार चौकोनाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, तिरका. त्या तिरक्या रेघेवर टेप ठेवला. तीन इंच. वर नाही, खाली नाही, तीन. फुटाला तीन इंच, म्हणजे चाराला एक, मोबाइलच्या हिशोबाने १४ अंश. मी १० ने भोक पाडलं होतं, म्हणून बिचारे पाय समोरून सातच दिसत होते.

मी म्हटलं, मेस्त्री, टेप न लावता हे तीन आलं असतं का? तर त्यांनी बोटं वर केली. दोन इंच एक सूत म्हणजे सतरा सूत. "बाराक सतरा, सतराक चोवीस. माझ्या बापाशीन शिकयल्यान." म्हणजे बाजू बारा असेल तर कर्ण सतरा, बाजू सतरा असेल तर कर्ण चोवीस. चोवीस सूत म्हणजे तीन इंच. वर बोट दाखवून म्हणाले, "ह्या कोनवाश्याचाच काम." साधा वासा आढ्याकडून बारा इंच पुढे येतो तेव्हा कोपऱ्यावरचा कोनवासा तिरका असल्याने सतरा इंच जातो आणि दोघंही उतरतात मात्र तेवढेच, म्हणून कोनवासा नेहमी बाकीच्या वाशांपेक्षा थोडा निजलेला असतो. मी त्या छपराखाली लहानाचा मोठा झालो, उन्हाळ्याच्या सुट्टीत खाटेवर पडून ते वासे मोजलेत, पण तो कोपऱ्यातला वेगळा का हे कधी विचारलं नाही.

संध्याकाळी अंगणात बसून कागदावर करून बघितलं. वर्गमूळ दोन म्हणजे १.४१४२, सतरा भागिले बारा म्हणजे १.४१६७, आणि चोवीस भागिले सतरा १.४११८. एक किंचित जास्त, एक किंचित कमी, दोन्हीत फरक फुटाला पाव सुताएवढाही नाही, करवतीच्या पात्याची जाडीच त्याहून जास्त असते. मग आठवलं की हे सतरा-बारा आपण वाचलंय कुठेतरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौकोनाचा कर्ण काढायची रीत आहे, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. बाजू बारा घेतली तर बारा, अधिक चार, अधिक एक, सतरा. चौतिसाव्याची वजाबाकी मेस्त्रींनी सोडून दिली एवढंच. शुल्ब म्हणजे दोरी, वेद्या दोरीने आखायचे त्याचे हे नियम, इसवी सनाच्याही काही शतकं आधीचे. मेस्त्रींना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाले, "आसात," म्हणजे असेल, आणि तंबाखू मळत राहिले.

खरं स्टूल आम्ही दोघांनी मिळून केलं, म्हणजे मी केलं आणि ते बघत होते, जे जास्त अवघड असतं. त्यांच्याकडे सरकता गुण्या आहे, दोन पट्ट्या आणि मध्ये एक स्क्रू, बस. फळीच्या कडेवर तीन इंच मोजून बारा इंच वर खूण, त्यावर पट्टी जुळवून स्क्रू आवळला, तो गुण्या कर्णाच्या रेघेवर उभा ठेवला आणि ड्रिल त्याला समांतर धरून खाली. अंशाचा आकडा कुठेच आला नाही. पायांची लांबी मी आधीच काढून ठेवली होती, अठरा इंच उंचीला साडेअठरा आणि वर जेमतेम अर्धा सूत, सगळं कागदावर. मेस्त्रींनी कागद बघितला नाही, पाय वीस इंच ठेवायला लावले. "लांब असला तर कापूक येता. आखूड झाला तर ओढून लांब करतलंस?" मग स्टूल सपाट पाटावर ठेवून, एका लाकडी तुकड्यावर पेन्सिल टेकवून, तो तुकडा चारी पायांभोवती फिरवला. चारी पायांवर एकाच उंचीची रेघ, आणि तिरक्या पायावर ती आपोआप तिरकी. मी पायांच्या तळाचा कोन काढायला अर्धी रात्र घालवली होती, ते इथे नमूद करून ठेवतो.

स्टूल स्वयंपाकघरात नेलं. तिथली जमीन जुन्या कोब्याची, आजोबांच्या काळातली, जागोजाग खड्डे. ठेवलं तर एक पाय हवेत, चांगला सूतभर. माझा चेहरा पडला, मी पॉलिशपेपर शोधायला निघालो तेवढ्यात मेस्त्रींनी स्टूल धरून जागच्या जागी थोडं फिरवलं, अजून थोडं, आणि ते टक्कन बसलं. चारी पाय जमिनीला. याचीही गणितात सिद्धता आहे, चारी पाय सारखे असतील आणि जमिनीला मधेच पायरीसारखा तुटका उतार नसेल तर चौरस टेबल एक चतुर्थांश फिरवेपर्यंत कुठे ना कुठे स्थिर बसतंच. मी ती सांगायला तोंड उघडलं होतं.

आईने बसून बघितलं, इकडे-तिकडे डोललं, उठली. मग चुलीजवळून कोळसा आणला आणि खाली वाकता येत नाही म्हणून मला दिला, चारी पायांभोवती गोल काढायला सांगितले. "आता ह्या हयसून कोणी हलवूचा नाय."