भरीत पार्टी हुकली

आज मळ्यात मित्रांची भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. हिवाळ्यात खान्देशी माणूस याला नाही म्हणत नाही. पण आईला मुक्ताईनगरला कोथळीच्या मुक्ताई मंदिरात जायचं होतं आणि गाडी चालवणारा मीच. खरं सांगतो, निघालो तेव्हा तोंड वाकडंच होतं.

दर्शन दहा मिनिटांत उरकेल असा हिशोब. मोबाईल मुद्दाम गाडीतच ठेवला, पार्टीचे फोटो पाहून जीव जळू नये म्हणून! आई म्हणाली, "बस रे घडीभर." बसलो. कोपऱ्यात दोन म्हातारे हळू आवाजात भजन म्हणत होते, टाळही एकच. 1400 वर्षं जगले म्हणतात त्या चांगदेवांनी एवढ्याशा मुक्ताईला गुरू केलं, आणि तिचं स्वतःचं आयुष्य जेमतेम 18 वर्षांचं. हेच डोक्यात घोळत राहिलं. मग तेही थांबलं.

"चल, तुझी पार्टी राहील," आईनंच हलवलं. दीड तास झाला होता.

मित्रांनी भरीत डब्यात ठेवलंय म्हणे. आईला म्हटलं, अजून थोडं बसू.